क्षणात निकाल : नांदेड-लातूर भागातील निकाली कुस्तीचा इतिहास

निकाली कुस्ती संपण्याची परंपरेने एकच रीत आहे : दोघांपैकी एकाची पाठ मातीला लागली पाहिजे. तोपर्यंत कोणी कितीही वेळ वरचढ राहिला, कितीदा प्रतिस्पर्ध्याला खाली घेतले, तरी त्याची मोजदाद होत नाही. या एका नियमामुळे मातीवरच्या काही लढती तासभर रेंगाळतात, तर काही हात मिळवल्यानंतर अर्ध्या मिनिटात संपतात. नावाजलेला पैलवान नवख्याकडून किंवा गतविजेता आव्हानवीराकडून असा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चीत झाला, की त्या कुस्तीची चर्चा गावोगाव वर्षानुवर्षे चालते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत ही परंपरा जत्रांच्या फडांतून वाढली. पुढे राज्य पातळीवरही तिचे ठळक प्रसंग घडले. २०२३ या एकाच वर्षात नांदेडकडून खेळलेल्या एका मल्लाने झटपट निकालाच्या दोन्ही बाजू अनुभवल्या.

या भागातील कुस्तीचे मूळ स्थान म्हणजे जत्रा. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला, पैनगंगेच्या अलीकडे हदगाव तालुका आहे आणि नदीपलीकडे विदर्भातले उमरखेड. पूर्वी हदगाव तालुक्यातच असलेल्या हिमायतनगरला, म्हणजे जुन्या वाढोण्याला, परमेश्वराची यात्रा महाशिवरात्रीला भरते. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्यात सुरू होते. घोडे, गाढवे आणि उंटांचा बाजार, लावणीचे फड आणि कुस्त्यांची दंगल ही तिची ओळख आहे. लातूर शहरात सिद्धेश्वर-रत्नेश्वराची यात्रा महाशिवरात्रीच्या सुमारास असते आणि तिथेही कुस्त्या होतात. खरिपाची सुगी आटोपल्यापासून उन्हाळा तापेपर्यंतचा हा काळ शेतकरी कुटुंबातील पैलवानाच्या सवडीचा असतो. जत्रांची तिथी ठरलेली असल्यामुळे कोणता फड कधी, हे त्याला आधीच ठाऊक असते. एका गावचा फड उरकून दुसऱ्या गावी जायचे, असा त्याचा हंगाम जातो.

नांदेड-लातूरची बरीच जमीन काळी आहे. कापूस, ज्वारी आणि सोयाबीनला ती मानवते, पण आखाड्याला चालत नाही. ओली झाली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. म्हणून तालमीच्या हौदासाठी तांबडी माती आणून ती चाळतात. तिच्यात तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस मिसळतात. अशी माती मऊ राहते, अंगाला घट्ट धरत नाही, घाम शोषते आणि खरचटलेल्या जागेला बाधत नाही. तालीम बहुधा मारुतीच्या देवळाला लागून असते. पहाटे मातीत लढत, मग जोर आणि बैठका, संध्याकाळी पुन्हा मेहनत, आणि दूध, तूप, बदामाचा खुराक, हा तिथला नित्यक्रम. शिकवणारा तो वस्ताद आणि शिकणारा त्याचा पठ्ठा. पठ्ठ्याची कुस्ती कोणाशी लावायची, हे ठरवण्याचा मानही वस्तादाचाच.

जत्रेतील फड ठरलेल्या क्रमाने चालतो. सुरुवातीला लहान मुलांच्या कुस्त्या लागतात आणि त्या रेवड्यांवर किंवा नारळावर सुटतात. मग इनामाची रक्कम वाढत जाते आणि पैलवानांचे वयही. हलगीच्या कडकडाटात पैलवान फडात फिरतो, शड्डू ठोकतो आणि जोड मागतो. जोड जमवणारी मंडळी दोघांची अंगकाठी पाहतात, आधीच्या कुस्त्या आठवतात आणि तोलामोलाची जोड लावतात. गावच्या फडात वजनाचा काटा क्वचितच असतो, त्यामुळे तोलामोल हा अंदाजच राहतो. पंच बहुधा जुने, अनुभवी पैलवान असतात. शेवटची कुस्ती सर्वांत मोठ्या इनामाची. ती बरोबरीत सुटली तर इनाम वाटून देतात, पण प्रेक्षक हिरमुसतात. निकाल लागलाच पाहिजे ही त्यांची मागणी असते, आणि कुस्तीशौकिनाची दाद मिळते ती निकाल काढणाऱ्याला.

निकाली कुस्ती इतक्या थोड्या वेळात कशी संपते, याची कारणे तिच्या रचनेतच आहेत. सलामीनंतर खडाखडी सुरू होते. दोघे एकमेकांच्या हातांवर, मानेवर हात टाकून ताकद, तोल आणि पायाची जागा चाचपतात. अनुभवी पैलवान इथेच बरेच काही ओळखतो : समोरच्याचा कोणता पाय पुढे पडतो, मान दाबली की तो मागे सरतो की पुढे रेटतो, हात झटकताना त्याची काख उघडी पडते का. ही चाचपणी चालू असताना जो आधी डाव टाकतो, त्याला समोरच्याच्या बेसावधपणाचा फायदा मिळतो. नावाजलेला मल्ल अनेकदा सुरुवातीला सावकाश लढतो, कारण दमसास त्याच्या बाजूचा असतो. नवखा मात्र जाणतो की वेळ गेला तर आपण थकणार. म्हणून तो पहिल्याच पकडीत सगळे पणाला लावतो. पराभवानंतर पुनरागमनाची संधी नसल्यामुळे एका चुकीची किंमत पूर्ण कुस्तीएवढी असते.

झटपट निकाल देणारे डावही ठरावीक आहेत. ढाकमध्ये प्रतिस्पर्ध्याचा हात आवळून त्याला कमरेवरून फेकतात. कलाजंगमध्ये एक हात आणि एक पाय धरून त्याला खांद्यांवर उचलतात आणि पाठीवर टाकतात. टांग मारताना पायात पाय घालून तोल तोडतात. टांगेचे आतली आणि बाहेरची असे दोन प्रकार आहेत. दुहेरी पटात दोन्ही पाय एकदम ओढून त्याला खाली बसवतात. घिस्सा हा खाली आलेल्या प्रतिस्पर्ध्यावर टाकण्याचा डाव. झोळीत एक हात मानेभोवती आणि दुसरा गुडघ्यामागून घालून दोन्ही हातांची पकड जुळवतात. मान आणि पाय एकत्र बांधले गेल्यामुळे प्रतिस्पर्ध्याचे अंग दुमडते, त्याला उलटण्यासाठी आधार उरत नाही आणि थोड्या वळणाने पाठ लागते. हे सगळे डाव पकड जुळेपर्यंत अवघड असतात आणि जुळल्यावर सोडवणे त्याहून अवघड. म्हणून त्यांचा निकाल लवकर लागतो. पण ती पकड क्षणात जुळावी यासाठी तालमीत तोच डाव हजारो वेळा टाकावा लागतो. प्रेक्षकाला काही सेकंद दिसतात, त्यामागे वर्षांची मेहनत असते.

राज्यव्यापी स्पर्धेच्या चौकटीत मराठवाडा उशिरा आला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. दरम्यान कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्तीला बळ मिळाले होते. १९१२ मध्ये तिथे खासबागचे मैदान उभे राहिले होते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी देशभर ठाऊक होत्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवले. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. परिषदेने महाराष्ट्र केसरी किताबाची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये भरवली ती मराठवाड्यातच, औरंगाबादला. दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. राज्य स्थापन झाल्यानंतर एका वर्षातच मराठवाड्याच्या राजधानीत राज्याचा पहिला किताब ठरला, ही या भागातील कुस्तीच्या दृष्टीने मोठी घटना होती. जत्रेतील पैलवानाला आता गावच्या इनामापलीकडे पोहोचण्याचा रस्ता दिसू लागला.

या रस्त्याने सर्वांत पुढे गेले हरिश्चंद्र बिराजदार. त्यांचा जन्म ५ जून १९५० रोजी निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडला झाला. तेव्हा आणि पुढेही बरीच वर्षे हे गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होते, कारण लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले. १९६९ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूरला भरली आणि १९ वर्षांच्या बिराजदारांनी आपल्याच भागातील मैदानात ती जिंकली. दुसऱ्याच वर्षी एडिंबर्गच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्यांनी ८२ किलो गटात सुवर्णपदक मिळवले. १९७२ मध्ये ते रुस्तम-ए-हिंद झाले. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्यातील सतपाल महाराष्ट्रातील नामवंतांवर भारी पडत होते. हेच सतपाल पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत १०० किलो गटातील सुवर्णपदकाचे मानकरी झाले आणि नंतर सुशीलकुमारचे गुरू म्हणून ओळखले गेले. बेळगावच्या मैदानात बिराजदारांनी सतपाल यांना हरवले. बलाढ्य समजला जाणारा मल्ल मराठवाड्याच्या पैलवानाकडून हरला, म्हणून ही कुस्ती जुन्या शौकिनांच्या तोंडी राहिली.

बिराजदारांचे दुसरे मोठे काम शिकवण्याचे. पुण्यातील गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पुढची पिढी घडवली. लातूर जिल्ह्यातील काका पवार त्यांचेच पठ्ठे. ग्रीको-रोमन प्रकारातील कामगिरीसाठी पवार यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे पवार यांनी पुण्यात कात्रजला कुस्ती संकुल उभे केले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे बिराजदारांकडे आणि नंतर पवार यांच्याकडे शिकला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. बिराजदारांना २००६ चा ध्यानचंद पुरस्कार मिळाला. १४ सप्टेंबर २०११ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तोपर्यंत मराठवाड्याच्या कुस्तीचा वारसा पुण्यात स्थिरावला होता.

दरम्यान नियम बदलत गेले. आंतरराष्ट्रीय कुस्ती गादीवर खेळली जाते आणि तिथे चीत न झालेल्या लढतीचा निकाल गुणांवर लागतो. २००५ ते २०१२ या काळात दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या होत्या. त्यानंतर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकत्रित गुण अशी पद्धत आली. फ्रीस्टाइलमध्ये आज १० गुणांची आघाडी घेणारा तिथेच विजयी ठरतो. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्ही विभागांतील विजेते किताबासाठी भिडतात. मातीत वाढलेल्या पैलवानाला गुणांची कुस्ती वेगळी शिकावी लागते. रिंगणाबाहेर ढकलल्याचा गुण, निष्क्रियतेबद्दल प्रतिस्पर्ध्याला मिळणारा गुण, शेवटच्या सेकंदांतील बचाव, हे सगळे त्याला नवे असते. २००१ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा नांदेडला झाली आणि राहुल काळभोर विजेते ठरले. त्या काळापासून जिल्ह्याजिल्ह्यांत माती आणि गादी या दोन्हींचा सराव असलेल्या पैलवानाला महत्त्व येत गेले.

गुणांच्या कुस्तीचे उत्तम उदाहरण ७ जानेवारी २०२० च्या किताबी लढतीत दिसले. पुण्यात बालेवाडीला लातूरचा शैलेश शेळके आणि नाशिकचा हर्षवर्धन सदगीर समोरासमोर आले. दोघेही काका पवार यांचेच शिष्य, त्यामुळे एकमेकांचे डाव दोघांना ठाऊक होते. तोलामोलाची कुस्ती शेवटपर्यंत अटीतटीची राहिली आणि सदगीरने ती ३-२ अशा गुणांनी जिंकली. विजयानंतर त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. शेळकेचा हा पराभव अगदी निसटता होता, पण मातीच्या भाषेत सांगायचे तर पाठ कोणाचीच लागली नव्हती.

तीन वर्षांनी चित्र अगदी उलटे झाले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला भरलेल्या स्पर्धेत शिवराज राक्षे नांदेडकडून उतरला. राक्षे मूळचा पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा आणि तोही काका पवार यांच्या तालमीतला. गादी विभागात त्याने आपल्याच तालमीतील हर्षवर्धन सदगीरला हरवले. माती विभागात सोलापूरच्या महेंद्र गायकवाडने मोहोळच्या सिकंदर शेखवर मात केली. त्या लढतीत बाहेरच्या टांगेला दिलेल्या गुणांवरून राज्यभर वाद झाला. १४ जानेवारीच्या अंतिम लढतीत मात्र वादाला जागाच उरली नाही. राक्षेने गायकवाडला एका मिनिटाच्या आत चितपट केले आणि नांदेडच्या नावावर महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा आली.

त्याच वर्षी १० नोव्हेंबरला पुणे जिल्ह्यातील फुलगावला पुन्हा किताबी लढत झाली. या वेळी राक्षे गतविजेता होता आणि समोर होता सिकंदर शेख. सिकंदर कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झालेला. म्हणजे जिथे अर्धशतकापूर्वी बिराजदार घडले, तीच तालीम. जानेवारीतील वादामुळे किताब हुकल्याची सल त्याच्या चाहत्यांत होती. कुस्ती सुरू होताच सिकंदरने झोळी बांधली आणि राक्षेला चीत केले. बातम्यांमध्ये या कुस्तीची वेळ २२ सेकंद नोंदली गेली. ज्याने दहा महिन्यांपूर्वी मिनिटभरात गदा जिंकली होती, त्याचीच गदा अर्ध्या मिनिटात गेली. याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या संघटनेने भरवलेल्या स्पर्धेत राक्षे पुन्हा विजेता झाला आणि ‘डबल महाराष्ट्र केसरी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. फुलगावच्या पराभवाने त्याचे सामर्थ्य कमी ठरले नाही, हे लगेच सिद्ध झाले. झटपट पराभव त्या दिवशीच्या एका चुकीचा निकाल असतो, पैलवानाच्या संपूर्ण कर्तृत्वाचा नव्हे.

क्षणात लागणाऱ्या निकालाची एक जोखीम पंचांच्या नजरेत असते. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम लढतीत पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने राक्षेला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असा राक्षेचा आक्षेप होता. त्यातून मैदानातच पंचांशी झटापट झाली आणि त्याच्यावर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. गावच्या फडात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. चहूबाजूंनी मातीला लागून बसलेले प्रेक्षक पाठ लागल्याचे स्वतः पाहतात, आणि पाठीऐवजी कूस लागली असेल तर गलका करून सांगतात. मोठ्या मैदानात कॅमेरे आहेत, पण क्षणाचा निर्णय अजूनही माणसालाच द्यावा लागतो. म्हणून पंचांचे प्रशिक्षण आणि निर्णय तपासण्याची स्पष्ट पद्धत यांची गरज झटपट निकालांत सर्वांत जास्त असते.

कुस्तीच्या जगात असे प्रसंग इतरत्रही गाजले. १९१० मध्ये लंडनला भारतीय मल्ल गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची लढत अडीच तासांहून अधिक चालून बरोबरीत सुटली. झ्बिस्को बहुतेक वेळ गादीला चिकटून बचाव करत राहिला. २९ जानेवारी १९२८ रोजी पतियाळात दोघे पुन्हा भेटले, आणि गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले. जपानच्या व्यावसायिक कुस्तीचा इतिहास वेगळा आहे. तिथे लढतीचा शेवट आधी ठरवण्याची प्रथा रूढ झाली. २२ डिसेंबर १९५४ रोजी टोकियोत व्यावसायिक कुस्तीगीर रिकिदोझान आणि जुदोपटू मासाहिको किमुरा यांची लढत बरोबरीत सोडवायचे ठरले होते, असे किमुराने पुढे सांगितले. प्रत्यक्षात रिकिदोझानने खरे प्रहार सुरू केले आणि किमुरा कोसळला. ठरवलेल्या कुस्तीत धक्कादायक निकाल हा विश्वासघात ठरतो. मातीच्या फडात मात्र तो पैलवानाचा हक्क असतो. महाराष्ट्रातही ठरवून केलेल्या नूरा कुस्त्या अधूनमधून होतात, आणि त्या ओळखू आल्या तर प्रेक्षक फड सोडून उठतात. निकाली कुस्तीची प्रतिष्ठा टिकली ती याच प्रेक्षकांमुळे.

रामलिंग मुदगडच्या मुलाला नाव कमावण्यासाठी कोल्हापूर गाठावे लागले. आजही नांदेड-लातूरच्या होतकरू पैलवानाला पुणे किंवा कोल्हापूरची वाट धरावी लागते, आणि नांदेडला मिळालेली गदाही पुणे जिल्ह्यातील पैलवानाने जिंकून दिली. हदगाव, हिमायतनगर, लोहा, निलंगा यांसारख्या तालुक्यांत फड आहेत, प्रेक्षक आहेत आणि मेहनतीची तयारी असलेली मुलेही आहेत. कमतरता आहे ती वर्षभर चालणाऱ्या तालमींची, मातीबरोबर गादीची, मानधन घेणाऱ्या शिक्षित वस्तादांची आणि नियम जाणणाऱ्या पंचांची. यात्रा समित्यांनी शेवटच्या कुस्तीच्या इनामातील थोडा वाटा गावच्या तालमीसाठी राखून ठेवावा. जिल्हा परिषदेने तालुक्याच्या ठिकाणी किमान एक गादी आणि एक वस्ताद द्यावा. तसे झाले तर पुढचा बिराजदार घडण्यासाठी त्याला मराठवाडा सोडावा लागणार नाही.